यादी पे शादी: विद्यापीठात मोठा संशोधन-प्रस्ताव कसा जुळतो

दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या बँकेतून निवृत्त झाली आहे. दर दिवाळीला ती मला एकच प्रश्न विचारते, "तू नक्की करतेस तरी काय गं? शिकवत तर नाहीस." मी सांगते की प्राध्यापकांना संशोधनासाठी पैसे मिळवायला मदत करते. ती चष्मा कपाळावर चढवते. "म्हणजे अर्ज भरतेस." आणि चिवड्याची वाटी पुढे सरकवते.

अर्ज भरते हे खोटं नाही. बडोद्याच्या आसपासच्या दोन-तीन शिक्षणसंस्थांसाठी मी हे काम केलंय. नावं घेणार नाही, कारण पुढे थोड्या चहाड्या येणार आहेत. पण अर्ज भरणं हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा तुकडा. त्याआधी जे चालतं ते लग्नघरासारखं असतं, आणि ते बाहेरच्यांनाच काय, विद्यापीठातल्या निम्म्या लोकांनाही माहीत नसतं.

आधी लहान आणि मोठ्या ग्रँटमधला फरक. लहान ग्रँट म्हणजे एक प्राध्यापक, एक-दोन संशोधक विद्यार्थी, एखादं उपकरण आणि तीन वर्षं. असा प्रस्ताव हुशार माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटा बसून लिहू शकतो. मोठ्या ग्रँटमध्ये चार-पाच विभाग किंवा संस्था असतात, रक्कम कोटींत असते आणि जबाबदारी कुणा एकाच्या डोक्यावर मावत नाही. आपल्याकडे आता वारा या मोठ्या ग्रँटच्या दिशेने वाहतोय. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झाली आणि ५ फेब्रुवारी २०२४ला तो कायदा लागू झाला. २००८च्या कायद्याने आलेलं सर्ब हे विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला पैसे देणारं मंडळ तिच्यात विरघळलं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींचा आराखडा मांडला गेला. त्यातले केंद्र सरकारचे १४,००० कोटी, बाकी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे. तिची 'पेअर' नावाची योजना तर जोडीनेच या म्हणते: एक पुढारलेली संस्था मध्यभागी, तिच्याभोवती वाढू पाहणारी विद्यापीठं, आणि अशा एका जाळ्याला १०० कोटींपर्यंत रक्कम. चाक आणि त्याचे आरे. राज्य विद्यापीठातल्या एकट्याने झटणाऱ्या प्राध्यापकाला त्यात आऱ्यांपैकी एक व्हावं लागतं, आणि आरा होणं ही वेगळीच कला आहे.

शिक्षणाला पैसा देणं आणि त्याला अटी बांधणं हे बडोद्याला नवीन नाही. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. किती पैसे, किती काळ, कशासाठी, बदल्यात काय. आजच्या मंजुरीपत्रातही हीच चार कलमं असतात, पानं तेवढी वाढलीत. तो करार पाळायला ते १९१७मध्ये आले तेव्हा या शहराने जातीमुळे त्यांना राहायला जागा दिली नाही, हे त्याच फाइलचं पुढचं पान.

आता एक उदाहरण हाताशी धरू. प्रस्ताव काल्पनिक, विषय खरा. ऑगस्ट २०२४च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं आणि त्याबरोबर मगरीही लोकांच्या दारात आल्या. समजा एका प्राध्यापकांच्या मनात आलं की पूर, नदी, मगरी आणि माणसं यांचा एकत्र अभ्यास करावा. पाच वर्षांचा, काही कोटींचा. कल्पना छान. पण लगेच प्रश्नांची रांग लागते. पाण्याचा हिशोब सिव्हिल इंजिनिअरिंगवाले करतील. मगरींचा अभ्यास प्राणिशास्त्रवाले करतील, पण मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावायचा तर वन खात्याची परवानगी हवी. पुरानंतरच्या आजारांसाठी वैद्यकीय महाविद्यालय हवं. वस्त्यांचं सर्वेक्षण समाजशास्त्र किंवा समाजकार्य विभागाचं. पाणीपातळीच्या नोंदी महापालिकेकडे. म्हणजे पहिलं वाक्य लिहिण्याआधीच सहा दारं वाजवायची आहेत, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी विचारणार, "यात आमचं काय?"

त्याहीआधीचा प्रश्न असतो: या भानगडीत पडायचं की नाही?

माझ्या मते सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि आपल्याकडे तो घेतलाच जात नाही. कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणारी जाहिरात, निघतो, कुलगुरूंच्या कार्यालयातून 'सर्व विभागप्रमुखांना' असं परिपत्रक फिरतं, आणि कुणालातरी वाटतं की आपण अर्ज केला नाही तर वाईट दिसेल. मग दीड-दोन महिने आठ-दहा माणसं रात्री जागतात. त्या वेळेची किंमत कुठल्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून ती फुकट वाटते.

मी पहिल्या बैठकीत कोरडे प्रश्न विचारते. आपण पात्र आहोत का, म्हणजे जाहिरातीतल्या शब्दाला शब्द लावून, 'बहुतेक असू' असं नव्हे. या माणसांनी आधी कधी एकत्र काम केलंय का? एखादा संयुक्त शोधनिबंध, एखादा सामाईक विद्यार्थी, काहीही. नसेल तर परीक्षकाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. प्रमुख संशोधकाकडे पुढचे सहा आठवडे रोजचे तीन तास आहेत का, की त्याच काळात परीक्षा आणि नॅकचं, म्हणजे विद्यापीठाच्या दर्जाचं, मूल्यांकन आहे? आणि संस्था काय देणार आहे: जागा, वीजजोडणी, एखादं पद? उत्तरं लेखी घ्यायची.

एकदा असे प्रश्न विचारून मी एका ज्येष्ठ सरांना म्हटलं, "सर, यंदा नको. यंदा दोघांनी मिळून एक लहान प्रकल्प करा, पुढच्या कॉलला जाऊ." सर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. खंडेराव मार्केटात समोरून आले तर भाजीच्या टोपलीत बघायचे. पुढच्या वेळी मात्र ते तोच लहान प्रकल्प घेऊन आले, आणि त्या निष्कर्षांवर उभा राहिलेला प्रस्ताव बराच पुढे गेला.

जायचं ठरलं की जाहिरात वाचायची. एकदा संशोधक म्हणून, एकदा कारकून म्हणून. दुसऱ्या वाचनात प्रत्येक 'आवश्यक' आणि 'असावे' याची एक ओळ करायची: काय मागितलंय, किती पानांत, कोण देणार, कधीपर्यंत. साधा एक्सेलचा तक्ता. कंटाळवाणा असतो, पण पुढचे दोन महिने घर त्याच्याच खांबावर उभं असतं. परीक्षकांना गुण कसे द्यायला सांगितलंय ते बरेचदा जाहिरातीतच दिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत याचं मला अजून नवल वाटतं. प्रश्नपत्रिका हातात देऊनही उत्तर भलतंच.

आता माणसं. जुन्या लग्नांत याद्या व्हायच्या. मांडवखर्च कुणाचा, कपडेलत्ते कुणाकडे, मानपानाला किती नारळ, सगळं कागदावर. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या की मगच पुढचं. 'यादी पे शादी' म्हणतात त्यातली यादी ती हीच. मोठ्या प्रस्तावातही पहिल्या आठवड्यात याद्या कराव्या लागतात, आणि शिकलेल्या माणसांना त्याचीच लाज वाटते. "आपलीच माणसं आहेत, बघू नंतर," म्हणतात. नंतर काय बघतात ते मी पाहिलंय. उपकरण कोणत्या प्रयोगशाळेत बसणार यावरून फोन बंद झालेले पाहिलेत. शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं यावरून एका सहसंशोधकांनी अर्ज जायच्या चार दिवस आधी अंग काढून घेतलं. विहीणबाई रुसल्या तर निदान समजूत काढायला करवली असते, इथे कुणी नसतं.

म्हणून एक पान लिहायचं. विश्वामित्रीचंच घ्या. पाच संस्थांपैकी कोणाला किती रक्कम. पाण्याचे सेन्सर पाच वर्षांनंतर कुणाच्या मालकीचे. मगरींच्या नोंदी कोण वापरू शकतो, कुणाला विचारून. महापालिकेने आकडे दिले नाहीत तर पर्याय काय. एखादा सहसंशोधक मध्येच निवृत्त झाला तर त्याच्या जागी कोण. आपल्याकडे हे फार होतं, निवृत्तीची तारीख सोडून सगळं विचारलं जातं. आणि सगळ्यात नाजूक कलम: दोन मतं पडली तर शेवटचा शब्द कुणाचा? समितीचा, असं उत्तर आलं तर समजावं की कुणाचाच नाही.

या सगळ्यांत प्रमुख संशोधक आणि प्रस्ताव चालवणारी व्यक्ती वेगवेगळी असावी, हे माझं ठाम मत आहे. नवरदेवाने पंगतीत वाढायला जाऊ नये. ज्याच्या डोक्यात विज्ञान आहे त्याला कोटेशनं गोळा करायला लावलं की दोन्ही बिघडतात. तारखा, फायली, पाठपुरावा, 'मॅडम, तुमची दोन पानं कालपर्यंत हवी होती' हे म्हणायला तिसरं माणूस हवं, आणि तसं म्हणायचा अधिकार त्याला पहिल्या बैठकीतच सगळ्यांसमोर द्यायला हवा.

बजेटवर थोडं जास्त थांबते, कारण घसरगुंडी इथेच असते.

बहुतेक जण आधी विज्ञान लिहितात आणि शेवटच्या आठवड्यात आकडे बसवतात. परीक्षक बरेचदा उलटं वाचतात, निदान मला भेटलेले तरी. ते बजेट बघतात आणि विचारतात की हे लोक खरंच काय करणार आहेत? उद्दिष्टांत 'वस्त्यांचा सखोल सहभाग' लिहिलंय आणि सर्वेक्षकांच्या मानधनाला रुपया नाही, तर सहभाग कुठून येणार? उलट, तीस लाखांचा ड्रोन मागितलाय आणि एकाही उद्दिष्टात त्याचं काम नाही. म्हणून मी दोन कागद शेजारी ठेवते, डावीकडे उद्दिष्टं, उजवीकडे खर्च, आणि पेन्सिलीने रेघा ओढते. ज्याला रेघ नाही ते कापायचं.

आता माणसांचा खर्च. सरकारी प्रकल्पात ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये, सीनियरला ४२,०००. अनेक प्राध्यापक ३७,००० गुणिले ३६ महिने करतात, १३,३२,००० लिहितात आणि पुढच्या रकान्यात जातात. पण त्यावर घरभाडं भत्ता असतो, शहराच्या वर्गाप्रमाणे. बडोदं 'वाय' वर्गात येतं. समजा तो २० टक्के धरला. मग महिन्याचे ४४,४०० झाले. शिवाय दोन वर्षांनी ज्युनियरचा सीनियर होतो, तिसऱ्या वर्षी महिन्याला ५०,४००. बेरीज करा: पहिली दोन वर्षं १०,६५,६००, तिसरं वर्ष ६,०४,८००, एकूण १६,७०,४००. एका माणसामागे ३,३८,४०० रुपयांची तूट. पाच संस्थांत दोन-दोन फेलो असतील तर ३३,८४,०००. ही तूट कुणी भरून देत नाही. तिसऱ्या वर्षी एखाद्या मुलीला सांगावं लागतं की पुढच्या चार महिन्यांचे पैसे नाहीत, आणि ती प्रबंध अर्धा टाकून शाळेत नोकरी धरते.

उपकरणांचं दुखणं वेगळं. कंपनीच्या कोटेशनवर मोठ्या अक्षरांत मूळ किंमत आणि खाली बारीक अक्षरांत 'कर वेगळा'. जुलै २०२२पर्यंत सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना अशा उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता. ती सवलत गेली, पण जुन्या एक्सेल फायलींत तो ५ आकडा अजून जिवंत आहे आणि एका प्रस्तावातून दुसऱ्यात उतरत राहतो. ८० लाखांच्या यंत्रावर १८ टक्क्यांनी १४ लाख ४० हजार होतात. त्यात देखभालीचा वार्षिक करार, खोलीचं एसी, युपीएस, आणि यंत्र चालवायला शिकलेला माणूस. हे न धरल्यामुळे खोक्यातच म्हातारी झालेली यंत्रं तुम्हाला जवळपास कुठल्याही विद्यापीठात दिसतील.

खरेदीचे नियमही बघून ठेवावेत. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरूनच घ्या या सक्तीने संशोधक अनेक वर्षं वैतागले होते. जून २०२५मध्ये अर्थ मंत्रालयाने ती ढिली केली: वैज्ञानिक उपकरणं पोर्टलबाहेरून घेण्याची मुभा कुलगुरू आणि संचालकांच्या हाती आली, आणि कोटेशनांशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. तुमच्या संस्थेला हे लागू आहे का, हे लेखा विभागाला लेखी विचारा. तोंडी उत्तर नेहमी 'थई जशे, बेन', म्हणजे 'होऊन जाईल, ताई' असंच येतं, आणि ते उत्तर ऑडिटरला चालत नाही.

ओव्हरहेडबद्दल दोनच वाक्यं. संस्था प्रकल्पातून जो वाटा घेते त्याला प्राध्यापक चोरी समजतात, पण वीज, जागा, लेखनिक, इंटरनेट आकाशातून पडत नाहीत. मात्र तो वाटा कशावर खर्च झाला हे विचारायचा हक्कही त्यांना आहे, आणि तो वापरला जात नाही.

आता लिखाण. पाच जणांनी पाच भाग लिहिले की पाच आवाज येतात. इंजिनिअर मुद्द्यांच्या यादीत बोलतो, समाजशास्त्रवाले अर्ध्या पानाचं वाक्य लिहितात, डॉक्टर सगळं संक्षेपात. हे सगळं वितळवून एक सूर करायला एकच माणूस बसवावा लागतो. इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५, सात कांडं. संपादक वेगवेगळे होते, पण कोणतं हस्तलिखित कसं तोलायचं, पाठ कसा निवडायचा याचे नियम सामाईक, म्हणून सात खंड एकाच ग्रंथाचे वाटतात. आपल्याला दीड महिन्यात तीस-चाळीस पानं एका सुरात आणायची असतात. तरी जमत नाही, कारण नियम आधी ठरलेले नसतात.

पहिलं पान सगळ्यात जास्त वेळा लिहावं. मसुद्यात वाक्य असतं, 'बडोद्यातील पूर ही एक गंभीर समस्या आहे.' बरं मग? हे दिल्लीत बसलेल्या परीक्षकाला माहीत आहे, आणि कुठल्याही शहराचं नाव घातलं तरी वाक्य चालतं. त्याऐवजी असं विचारून बघा: आजवा सरोवरातून पाणी सोडल्यापासून ते कालाघोडा पुलाखाली पोचेपर्यंत शहराला किती तास मिळतात, आणि त्या तासांत कोणत्या वस्त्या आधी हलवायला हव्यात? आता परीक्षकाला प्रश्न दिसतो, नदी दिसते, आणि तुम्हाला काय मोजायचंय तेही कळतं.

उद्दिष्टांची उतरंड करू नये. मडक्यावर मडकं रचलेलं छान दिसतं, पण खालचं फुटलं की सगळी खाली. पहिल्या वर्षी महापालिकेचे आकडे मिळाले तरच दुसरं काम, ते झालं तरच तिसरं, असा प्रस्ताव अनुभवी परीक्षक एका प्रश्नात पाडतो: "आणि आकडे मिळाले नाहीत तर?" उत्तर प्रस्तावातच असलं पाहिजे. अडचणी लपवू नयेत. स्वतःहून दोन धोके लिहिले आणि त्यांचे उपाय दिले तर परीक्षकाला वाटतं की ही माणसं शेतात उतरलेली आहेत.

मसुदा तयार झाला की तो घरच्या माणसाला दाखवू नका. घरचे 'छान आहे' म्हणतात. विषयाच्या शेजारचा पण या प्रस्तावात नसलेला एखादा कडक प्राध्यापक गाठायचा, त्याला आठवडा द्यायचा आणि सांगायचं की नाकारण्याची कारणं शोधा. हा आठवडा वेळापत्रकात आधीच राखून ठेवावा लागतो. मी शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येते: अपलोड तीन दिवस आधी, सह्या दहा दिवस आधी, बाहेरचं वाचन त्याच्याही आधी. आणि मग पंचांग उघडते.

पंचांग का, ते सांगते. एका वर्षी मुदत १६ जानेवारीला संध्याकाळी ५ वाजता संपत होती. बाहेरच्या राज्यातल्या आमच्या भागीदार संस्थेला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे १४ला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण, आणि अख्खं शहर गच्चीवर. १२ तारखेला प्रमुख संशोधकांना वाटलं की प्रस्तावाचं शीर्षक अजून भारदस्त हवं. त्यांनी दोन शब्द बदलले. चार संस्थांची संमतिपत्रं आधीच आली होती, जुन्या शीर्षकाची. आमच्या संस्थेचं पत्र बदलायला मी १५ला दुपारी रावपुऱ्यात एका क्लार्कभाईंचं घर शोधत गेले. ते मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या लावून खाली आले, हातात उंधियूची वाटी, आणि अजिबात न चिडता माझ्या स्कूटरवर बसून कार्यालयात आले. शिक्का मारला. दुसऱ्या एका संस्थेनेही पत्र बदलून पाठवलं. उरलेल्या दोघांची राहिली. १६ला ४ वाजून ४० मिनिटांनी अर्ज गेला, आम्ही सेव-उसळ खाऊन घरी गेलो.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, छाननीतच. शीर्षक आणि संमतिपत्रं जुळत नाहीत. विज्ञानाचं एक पानही कुणी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून शीर्षक, संस्थांची अधिकृत नावं आणि एकूण रक्कम या तीन गोष्टी मी शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी गोठवते. त्यानंतर कुणालाही सुचलेला सुंदर शब्द शोधनिबंधासाठी राखून ठेवावा.

परवानग्यांचं झटपट सांगते. माणसांवर अभ्यास असेल तर एथिक्स कमिटी, प्राण्यांवर असेल तर त्याची वेगळी समिती, जनुकीय काम असेल तर जैवसुरक्षा समिती. आरोग्यसंशोधनात परदेशी भागीदार किंवा पैसा असेल तर आयसीएमआरकडून, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून, चालणाऱ्या छाननी समितीची मान्यता. परदेशी पैसा म्हटला की एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा, प्रश्न आधी सोडवायचा. युरोपच्या होरायझन या संशोधन-निधी योजनेत भारतीय संस्था सामील होऊ शकतात, पण त्यांचा खर्च आपोआप मिळत नाही, हे सामील झाल्यावर कळलं की तोंड कडू होतं. काही परवानग्या मंजुरीनंतर चालतात, काही अर्जासोबतच लागतात. तक्त्यात तसा वेगळा रकाना करा.

पुढे सादरीकरणाला बोलावलं तर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि तिथे प्रमुखांशेजारी बसलेल्या सहसंशोधकाला स्वतःचं काम सांगता आलं नाही तर याद्या नुसत्या कागदावर होत्या हे उघड होतं. नकार हा नेहमीचा पाहुणा. नकाराची टिप्पणी आली की एक दिवस शिव्या द्यायच्या, दुसऱ्या दिवशी ती त्याच एक्सेलमध्ये उतरवायची. मंजुरी आली तर वेगळीच परीक्षा: भरती, खरेदी, पैसे कुठे खर्चले ते सांगणारं दरवर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र, न खर्चलेल्या रकमेवरचं व्याज परत. त्या प्रमाणपत्राचा १२-ए नमुना पहिल्याच वर्षी ज्याच्या हाती पडतो तो प्राध्यापक माझ्याशी एकदम प्रेमाने बोलू लागतो.

हे काम आपल्याकडे करतं कोण? अमेरिका-युरोपात विद्यापीठांमध्ये यासाठी पूर्णवेळ माणसं असतात, त्यांच्या व्यावसायिक संघटना आहेत. भारतात इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेने २०१८मध्ये संशोधन-व्यवस्थापनासाठी एक उपक्रम सुरू केला, काही मोठ्या संस्थांत कक्ष उभे राहिले. पण बहुतेक राज्य विद्यापीठांत हे कुणातरी सहायक प्राध्यापकाच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून पडतं. बढतीच्या गुणांत त्याची फारशी गणती नाही, पगारात भर नाही, आणि प्रस्ताव पडला तर दोष मात्र नावानिशी. मला विचाराल तर पाच कोटींचं यंत्र मागण्याआधी विद्यापीठाने एक पूर्णवेळ माणूस नेमावा. यंत्रापेक्षा स्वस्त पडेल.

या लेखासाठी मी विश्वामित्रीचं ते काल्पनिक बजेट खरोखर मांडून बघितलं, पाच वर्षांचं, आणि यंदा फराळाच्या ताटाशेजारी आत्याच्या पुढे ठेवलं. म्हटलं, बघ, असे अर्ज भरते मी. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. बँकेत पस्तीस वर्षं काढलेलं बोट प्रत्येक रकान्यावरून फिरलं. मनुष्यबळापाशी मान हलली, जीएसटीपाशी हलली. मग बोट थांबलं.

"हे सेन्सर चौथ्या वर्षी घेताय?"

"हो. रक्कम वर्षांत नीट विभागली जावी म्हणून."

"आणि नदी मोजणार कधी? पाचव्या वर्षी?"

मी कागद उचलला. आत्याने पेन्सिल पुढे केली, मागे खोडरबर असलेली.